देवराव सरांना न आवडलेला सिनेमा

त्या सिनेमाचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की आणखी चार जण तो बघतील आणि मला फोन करून सांगतील, "हर्षा, तुमच्याकडचाच पिक्चर आहे गं, मी तर रडले." मीही रडले होते. म्हणूनच मला जास्त राग येतो.

आमच्याकडचा म्हणजे जंगलातला. एका खेड्यात एक पोरगा असतो आणि त्याला गणित जन्मतःच येत असतं. शाळेचा मास्तर दारुडा. पोरगा कोळशाने रेस्ट हाऊसच्या भिंतीवर गणितं सोडवतो, दिल्लीचा एक म्हातारा प्रोफेसर ती भिंत बघून मटकन खाली बसतो आणि रडतो, आणि त्याच्याबरोबर सगळं थिएटर रडतं. शेवटी पोरगा परदेशात सूट घालून भाषण देतो आणि इकडे त्याची आई चुलीपुढे बसून नुसती हसते. त्या बाईला अख्ख्या सिनेमात बोलायला दोन वाक्यं दिलेली नाहीत. सिनेमाला बक्षिसं मिळाली. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला. चंद्रपूरला माझ्या वहिनीने तो दोनदा पाहिला, आणि ही बाई स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा पुरता बघत नाही.

हा सिनेमा फालतू आहे असं लोकांच्या तोंडावर म्हणणारा एकच माणूस मला माहीत आहे. देवराव दुर्गे सर.

मी भामरागडच्या अलीकडे एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. डाळ पातळ झाली तरी माझा दोष आणि पोरीला ताप आला तरी माझा, अशी ही नोकरी. सर त्याच शाळेत गणित शिकवतात, एकवीस वर्षांपासून. ते मूळचे वरोऱ्याचे. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आई, अंजनाबाई, चौथी शिकलेली, पण घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पोरगा अभ्यासाला बसला की ती शेजाऱ्यांचा रेडिओसुद्धा बंद करायला लावायची. दहावीला सर गणितात तालुक्यात पहिले आले. मग नागपूरला बी.एस्सी., मग बी.एड., मग इथली ऑर्डर. "दोन वर्षांत बदली करून घेतो," असं आईला सांगून ते आले होते. बदलीचा अर्ज त्यांनी एकदा लिहिलाही होता. तो त्यांनी दिला का नाही, हे विचारलं की ते म्हणतात, "रस्ता बंद होता." पावसाळ्यात आमचा रस्ता तुटतो हे खरं आहे. पण एकवीस पावसाळ्यांच्या मध्ये एकवीस उन्हाळेही येऊन गेले, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

माणूस गोड वगैरे अजिबात नाही. सकाळी चहा होईपर्यंत त्यांच्याशी बोलायची सोय नसते. शर्टाच्या खिशात खडू ठेवतात, त्यामुळे सगळ्या शर्टांचे डावे खिसे पांढरे. पोरं चुकली तर ओरडतात. पण मारत नाहीत. त्यामागे एक गोष्ट आहे आणि ती ते स्वतःच सांगतात, नव्या शिक्षकाला तर पहिल्याच आठवड्यात.

पहिल्या वर्षी ते वर्गात विचारायचे, "कोनाले येते, हात वर करा." एकही हात वर व्हायचा नाही. सरांना वाटलं, पोरं ढ आहेत. एके दिवशी त्यांनी कोलू पुंगाटी नावाच्या मुलाला उभं केलं. त्याच्या वहीत बरोबर उत्तर लिहिलेलं सरांनी स्वतः पाहिलं होतं. तरी कोलू बोलेना. सरांनी त्याच्या कानाखाली दिली. पोरगा रडला नाही. शेजारच्या मुलाकडे बोट करून एवढंच म्हणाला, "याले अजून नाई आलं, सर."

"मंग माह्या ध्यानात आलं," सर सांगतात. "इथी गोटूलात गावाची बैठक बसली का शेवटचा मानूस हो म्हणेपर्यंत कोनी उठत नाई. अन् मी येऊन त्यायले म्हणून राह्यलो, जो आधी उठन तो शहाणा. चूक कोनाची?"

तेव्हापासून त्यांनी हात वर करायला लावणं सोडलं. संध्याकाळी जेवणाआधी व्हरांड्यात चार-चार पोरांची टोळी बसते. एका टोळीला एक गणित. चौघांना समजल्याशिवाय पाटी पुसायची नाही, आणि ज्याला आधी आलं त्याने बाकीच्यांना सांगायचं, हा नियम. नुसतं उत्तर सांगून चालत नाही, कुठे अडलंय तिथे बोट ठेवायचं. आमची पोरं काही देवदूत नाहीत. साबण चोरतात, एकमेकींच्या चपला आंब्यावर टाकतात. पण टोळीत बसली की एकाला दुसऱ्यावाचून पुढे जाववत नाही. दहावीला गेली सात वर्षं आमच्याकडे गणितात कोणी नापास झालेलं नाही. याच्यावर कोणी सिनेमा काढला नाही. काढला तर बघणार कोण? दोन तास व्हरांडाच दिसायचा.

त्या कोलूची मुलगी बुधरी आता आमच्याकडे नववीत आहे. पोरगी हुशार आहे हे मला कळतं म्हणजे खूपच हुशार असली पाहिजे, कारण माझं गणित किराणा मालाच्या पुढे जात नाही. सर तिच्याबद्दल बोलायचे तेव्हा आवाज खाली करायचे, दृष्ट लागेल म्हणून. आमची शाळा दहावीपर्यंत. त्यापुढे सायन्सला जायचं तर पोरीला लांब राहावं लागतं, राहायची सोय धड नसते, आणि आईबाप म्हणतात, पुरे झालं. सरांच्या हातून अशा तीन मुली दहावीनंतर घरी गेल्या. तिघींची नावं ते घेत नाहीत. मीही घेत नाही.

आणि नोव्हेंबरात एक संधी आली. नागपूरच्या एका ट्रस्टने नववीतल्या एका मुलाला किंवा मुलीला न्यायचं ठरवलं. बारावीपर्यंत तिकडे राहणं, जेवण, शाळा, शिकवणी सगळं त्यांचं. आसपासच्या पाच शाळांमधून एक जागा. निवड आमच्या शाळेत होणार होती. सर त्या दिवसांत चहाच्या आधीसुद्धा बोलायला लागले होते.

ट्रस्टकडून प्रणित नावाचा तरुण आला. चांगला मुलगा. खोटं कशाला बोलू, पोरांमध्ये मांडी घालून बसला, ताटातलं सगळं खाल्लं. फक्त त्याच्या डोक्यात तो सिनेमा होता. या योजनेची कल्पनाच त्यांना सिनेमावरून सुचली होती. निवडीच्या आदल्या दुपारी सगळ्या पोरांना तो दाखवायचा, म्हणजे त्यांना प्रेरणा मिळेल, असं ठरलं होतं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वीज गेली, जनरेटरला डिझेल नव्हतं, ते आणलं तर पडदा मिळेना. शेवटी माझी पांढरी चादर भिंतीवर लावली आणि जेवणाच्या हॉलच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत पोरं हसायला लागली. पोरगा काठीने झोडपून झाडावरून मोहफुलं पाडत होता. मोह पहाटे आपोआप खाली पडतो आणि खालून वेचतात, हे आमच्या पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे. मग भर पावसात तेंदूपत्ता तोडणारी माणसं दिसली. तेंदूचा हंगाम मे महिन्यात आटोपतो. पोरं इतकी हसली की प्रणित उठून मागे बघायला लागला.

मग मात्र ती गप्प झाली. त्या भिंतीच्या प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाजवणाऱ्यांनी बासरी वाजवलीच तशी होती, मी काय करणार? संपल्यावर प्रणितने विचारलं, "कसा वाटला? काही विचारायचंय का?"  बुधरी उभी राहून म्हणाली, "त्याले एवढं येत होतं, तर त्यानं दुसऱ्यायले काऊन नाई सांगतलं?"

प्रणित हसला. म्हणाला, "अगं, तो जीनियस होता ना." हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण पोरगी खाली बसली.

नंतर चहा पिताना प्रणित सरांना म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल ऐकलं. तुम्हीपण खूप टॅलेंटेड होतात म्हणे. इथे अडकलात." त्याने ते आदरानेच म्हटलं होतं. सरांनी कप खाली ठेवला आणि उठून स्वयंपाकघरामागे आले, जिथे मी तांदूळ मोजून देत होते.

"अडकलो म्हणते मले! मी का बाभळीले अडकलेला पतंग हाओ?"

"जाऊ द्या ना सर. चांगल्या मनानं बोलला तो."

"त्या पिक्चरनं सांगतलं ना त्याले तसं. ज्याले येते तो निघून जाते, अन् जो राह्यला तो वाया गेला. मले सांगा बाई, त्या पोट्ट्याले पाढे कोनं शिकवले? झाडानं? दोन तास वीस मिनिटांत एक मास्तर फळ्याकडं तोंड करून उभा नाई. जो हाय तो दारू पिऊन पडला."

"सिनेमा आहे तो. तुमाले काईच आवडत नाई."

"तुमी रडल्या काऊन?"

"आवडला म्हणून रडले! एखाद्या पोराचं भलं झालं ते बघून रडायचं पण नाई का? त्याच्यामुळंच ही जागा आली ना बुधरीसाठी?"

त्यावर त्यांचा आवाज वाढला. मग माझाही वाढला. मी म्हटलं, लाखो लोक मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे का? ते म्हणाले, लाख लोकांनी मोह झोडपला म्हणून तो झाडावरून पडत नाही. मी म्हटलं, तुम्हाला मिरची लागली ती 'अडकलात' या शब्दाची, सिनेमाची नाही. ते खरं होतं आणि तसं म्हणायला नको होतं. आम्ही पुरता तासभर भांडलो. तांदूळ मोजायचा राहिला, आमची स्वयंपाकीण सोनीबाई दोनदा येऊन परत गेली. व्हरांड्यात टोळ्या आपापल्या बसल्या आणि उठल्या. त्या संध्याकाळी सर तिकडे गेलेच नाहीत.

हा तास मी आजही डोक्यातून काढू शकत नाही. त्या तासात सरांनी जाऊन पोरीला एक वाक्य सांगायला हवं होतं. तेवढंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी पाच शाळांची मिळून तीसएक मुलं आली. कोलूही आला होता, सोळा किलोमीटर सायकल मारत. पोरीची निवड झाली तर लागतील म्हणून तिचे कपडे पिशवीत भरून आणले होते. तो मागे भिंतीशी उभा राहिला. प्रणितची पद्धत अशी होती की त्याने प्रश्न वाचायचा आणि जो पहिला हात वर करेल त्याने उत्तर द्यायचं. सर उभे राहिले. "पेपर द्या त्यायले. दोन तास द्या. हात वर करनं म्हणजे गणित नाई."

"सर, पेपर तर सगळेच घेतात," प्रणित म्हणाला. "आम्हाला ती ठिणगी बघायची आहे."

बराच वाद झाला. शेवटी अर्धं सरांचं आणि अर्धं प्रणितचं असं ठरलं. आधी एक छोटा पेपर. त्यातून पाच मुलं निवडायची. त्या पाचांनी सगळ्यांसमोर पाच फळ्यांवर एकच अवघड गणित सोडवायचं. पेपरमधून आमची दोघं आली, बुधरी आणि तिच्याच टोळीतला सुनिल वड्डे. सरांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. ते चक्क हसत होते.

गणित होतं, एक ते शंभर या सगळ्या संख्या लिहिल्या तर त्यांतल्या सगळ्या अंकांची बेरीज किती? मला ते वाचूनच घेरी आली. बुधरीने थोडा वेळ नुसतं फळ्याकडे पाहिलं. मग एकंच्या घरातले अंक वेगळे केले, दहंच्या घरातले वेगळे, दोन्हीकडे साडेचारशे, आणि शंभरातला एक. नऊशे एक. पाच-सहा मिनिटांत तिने खडू ठेवला. प्रणितने तिचा फळा पाहिला आणि त्याच्या तोंडून "अरे वा!" निघालं. मागे कोलूने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग तिने शेजारी पाहिलं. सुनिलच्या फळ्यावर सगळं बरोबर होतं आणि खाली नऊशे लिहिलेलं. त्याला कळत होतं की काहीतरी राहिलंय, काय राहिलंय ते सापडत नव्हतं. तो वरून खाली परत परत बघत होता. बुधरी दोन पावलं सरकली आणि तिने त्याच्या फळ्यावरच्या शंभरवर बोट ठेवलं. "याचा एक," ती म्हणाली. लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात. सुनिलने खोडून नऊशे एक लिहिलं आणि दोघं हात झटकून सरांकडे बघायला लागली, आता पाटी पुसू का, अशा नजरेने.

बाकीच्या शाळांचे शिक्षक उठले. कॉपी झाली, कॉपी झाली. प्रणितचा चेहरा उतरला. नियमात स्पष्ट लिहिलं होतं, मदत देणारा आणि घेणारा दोघंही बाद. पाच शाळांसमोर तो तरी काय करणार होता? सर पुढे जाऊन त्याच्याशी बोलले. आधी समजावून, मग हात जोडून. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. "तिनं घेतलं नाई, देल्लं. तिचं उत्तर आधीच झालं होतं, तुमी सोता पाह्यलं. हे मीच शिकवलं तिले. शिक्षा देयाची तर मले द्या." त्यांनी टोळ्यांचं सांगितलं, पाटीचा नियम सांगितला, कानाखाली मारल्याचंसुद्धा सांगितलं.

प्रणितने सगळं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. आणि तो म्हणाला, "सर, काय सुंदर आहे हे! हे सिनेमात यायला पाहिजे होतं."

मला वाटलं, सर आता त्याला मारणार. पण त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

जागा दुसऱ्या शाळेच्या मुलाला मिळाली. हुशार आहे तो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कोलू पिशवी घेऊन पुढे आला. सर त्याच्याकडे बघू शकत नव्हते. कोलू म्हणाला, "पोरीनं बराबर केलं, सर. सुनिल एकटा राह्यला असता." त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवी सायकलला बांधली आणि गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं.

आठ दिवस सर वर्ग आटोपला की थेट खोलीत जायचे. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "तुमचा का दोष, बाई? तोंड मलेबी होतं." मग त्यांनी कुठून तरी शोधून काढलं की फेब्रुवारीत आणखी एक परीक्षा असते, एका निवासी शाळेची, लेखी. त्यांनी बुधरीचा अर्ज भरला. आणि तिला ऑफिसात बोलावलं. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन तिथेच बसले होते.

"बुधरी, या परीक्षेत कोनालेच काई दाखवाचं नाई. बाजूवाल्याले येवो का न येवो. समजलं?"

"सुनिलले पन नाई?"

"कोनालेच नाई."

"पन सर, तुमीच तर..."

"मी सांगून राह्यलो ना!" सर एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची पोरं थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सवय लाव आतापासून."

ती शहाणी पोरगी आहे, सांगितलेलं ऐकते. त्या संध्याकाळी व्हरांड्यात टोळ्या बसल्या. मी दिवा लावायला गेले तेव्हा पाहिलं, बुधरीने वहीवर डावा हात आडवा ठेवला होता, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि खाली मान घालून ती एकटीच सोडवत होती. बाकीचे तिघं तिच्या हाताकडे बघत बसले होते. त्यांची पाटी तशीच भरलेली. सर खांबापाशी उभे होते.

"सर," मी म्हटलं, "तिले हात काढाले सांगा ना."

 त्यांनी खिशातला खडू चाचपला.

"परीक्षा फेब्रुवारीत हाय, बाई," ते म्हणाले. "तवरीक राहू द्या."